खडकवाडीची घळभरणी आणि गुरुवारचा पाऊस

"बाई, एका शब्दात सांगा. पडणार का न्हाई?"

लातूरहून कुलकर्णी साहेब बोलत होते. तलावांच्या कामांचे एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर. त्या काळी ट्रंक कॉल म्हणजे ओरडायचंच काम. ते लातूरला ओरडत होते, मी नांदेडला ओरडत होते, आणि आमच्या ऑफिससमोरचा पानवाला दोघांचं ऐकत होता.

"साहेब, हवामान एका शब्दात सांगता येत नाही," मी म्हटलं.

"मग दोन शब्दांत सांगा! आत्ता ऑपरेटर लाइन तोडंल."

वैशाखातला शनिवार. लातूर जिल्हा होऊन फार दिवस झाले नव्हते. ऑफिसांच्या पाट्यांचा रंगसुद्धा धड वाळला नव्हता. आणि नव्या जिल्ह्याच्या नशिबी पहिल्याच सालांत दुष्काळ आला. नांदेडलाही काही निराळं नव्हतं. गोदावरीच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळत होती.

मी तेव्हा नांदेडच्या हवामान ऑफिसात होते. ऑफिस कसलं, दोन खोल्या, एक गच्ची आणि तारेच्या कुंपणात पांढऱ्या झडपांची पेटी, तिच्यात थर्मामीटर. नाव माझं सुमन वाघमारे, पण गल्लीत मला सगळे ढगवाली बाई म्हणायचे. शेजारीण उठल्या उठल्या विचारायची, "पापड घालू का आज?" तिला उत्तर द्यायला मला कधी जड गेलं नाही. पण कुलकर्णी साहेबांचा प्रश्न पापडांचा नव्हता.

जळकोटच्या बाजूला, बालाघाटच्या टेकड्यांत, खडकवाडी नावाचं गाव. तिथल्या ओढ्यावर रोजगार हमीच्या कामातून मातीचा बंधारा चालला होता. बंधारा बांधताना आधी दोन्ही काठांकडून भराव उचलत आणतात. मधे ओढा वाहतो तेवढं तोंड मोकळं ठेवतात. सगळ्यात शेवटी, उन्हाळ्यात ओढा कोरडा असताना, ते तोंड एका दमात भरून काढायचं. त्याला घळभरणी म्हणतात. एका दमात म्हणजे खरंच एका दमात. अर्धवट भरलेल्या घळीवरून पाणी गेलं की नवी माती साखरेसारखी विरघळते आणि दोन्ही बाजूंचा भराव घेऊन खाली येते. बंधाऱ्याच्या बाजूला सांडवा असतो, म्हणजे जास्तीचं पाणी जायची दगडी वाट. घळ सांडव्याच्या वर गेली की मग कितीही पाऊस पडो, पाणी शहाण्यासारखं सांडव्यातून निघून जातं. त्याच्या आत पाऊस आला तर मात्र खैर नाही.

खडकवाडीची घळ अर्धी भरली होती. आणि बंधाऱ्याच्या खाली, ओढ्याच्या अगदी कडेला, वस्ती होती.

"पाऊस येणार असंल तर आत्ताच काम थांबवतो," साहेब म्हणाले. "भरलेली माती काढून तोंड मोकळं करतो. वस्ती वाचंल. पण मग पुढं पावसाळा. घळ भरायला दिवाळीनंतरच हात लागंल. म्हंजे गावाला अजून एक साल टँकर. आन् पाऊस येणार नसंल तर दहा दिवसांत घळ भरून देतो. आता बोला."

"रेडिओवरचं बुलेटिन काय म्हणतंय?"

"तेच तर! 'मराठवाड्यात तुरळक ठिकाणी हलक्या सरी.' ह्याचा मी काय अर्थ काढू? खडकवाडी तुरळक हाय का न्हाई?"

प्रश्न बरोबर होता. आमच्या भाषेत तुरळक ठिकाणी म्हणजे शंभरातल्या मोजक्या जागी. त्याहून जास्त असेल तर काही ठिकाणी, मग बऱ्याच ठिकाणी, मग सर्वदूर. हे शब्द आम्ही तोलूनमापून वापरतो आणि लोक ते ऐकून रेडिओ बंद करतात.

"साहेब, संध्याकाळपर्यंत थांबा," मी म्हटलं, आणि ऑपरेटरने लाइन तोडली.

माझ्या मनात चार दिवसांपासून काहीतरी ठणकत होतं. आमच्या पेटीत दोन थर्मामीटर शेजारी शेजारी असतात. एक कोरडा, दुसऱ्याच्या टोकाला ओलं मलमल गुंडाळलेलं. हवा कोरडी असली की ओला थर्मामीटर खूप खाली राहतो, जसं कडक उन्हाळ्यात माठातलं पाणी गारेगार होतं. हवेत ओल आली की माठ रुसतो, पाणी कोमटच राहतं. तसाच ओला थर्मामीटर चढायला लागतो. वैशाखात तो रोज चढत होता. सकाळी आम्ही फुगा सोडून वरच्या वाऱ्याची दिशा बघायचो. फुगा वायव्येकडून रेटला जायच्या ऐवजी आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्यात सापडत होता. आग्नेयेचा वारा म्हणजे बंगालच्या उपसागराची ओल. आणि राजस्थानवर थंड हवेचा एक पट्टा पूर्वेकडे सरकत होता. खाली गरम ओली हवा, वरून थंड हवा. दूध उतू जायला आणखी काय लागतं?

मग आमच्या वरच्या मोठ्या ऑफिसच्या बुलेटिनमध्ये फक्त हलक्या सरी का? मी त्यांचा सकाळचा नकाशा समोर घेतला. प्रत्येक तालुक्याचा पाऊस त्यावर आकड्याने मांडतात. परभणीकडे आकडे होते, बीडकडे होते, नांदेडचे तर मीच पाठवलेले. आणि लातूरच्या जागी पांढरा कागद. एकही आकडा नाही. बघणाऱ्याने धरून चाललं होतं की आकडा नाही म्हणजे पाऊस नाही.

माझं डोकं सटकलं. मी टेकड्यांकडच्या एका तहसीलला अर्जंट कॉल लावला. पाऊस मोजणारे बाबू फोनवर आले.

"बाबूसाहेब, तुमच्याकडे पाऊस?"

"पडून राहिला की! परवा पडला, काल बी पडला. लई न्हाई, पण चांगला. बारक्या गारा बी होत्या."

"मग कळवलं का नाही?"

"आसं कसं? रोज सकाळी तार करतो मी. एक दिवस चुकलो न्हाई."

"कुणाला करता?"

"कुणाला म्हंजे? जिल्ह्याला."

"कुठल्या जिल्ह्याला?"

फोनवर बाबूंचा मग एकदम बारीक आवाज. "अय्योऽ... जुन्याच की वो, बाई. तारवाल्याला पत्ता तोंडपाठ हाय, म्या काय सांगत बी न्हाई त्याला."

मी दुसऱ्या तालुक्याला लावला. तिथेही तेच. नवी नवरी बाजारातून परतताना सवयीने माहेरच्या गल्लीत शिरावी, तसा नव्या जिल्ह्याचा सगळा पाऊस जुन्या जिल्ह्याच्या ऑफिसात जाऊन बसत होता. तिथे तो कुणाचाच नव्हता, म्हणून टेबलावर पडून राहत होता. यात कुणाची लबाडी नव्हती, आळसही नव्हता. बिचारे रोज इमानदारीने तार करत होते. मला रागही आला आणि हसूही आवरेना.

मी मोठ्या ऑफिसला फोन केला. आमचे मोठे साहेब हुशार माणूस, पण शिस्तीचा फार.

"सर, बालाघाटवर दोन दिवस पाऊस पडतोय. गारांसकट. आपल्या नकाशावर ती जागा रिकामी आहे, कोरडी नाही."

"वाघमारे, तुम्ही नांदेडपुरतं बघा. नवा जिल्हा अजून कुठल्या केंद्राला जोडायचा ते ठरलेलं नाही. फाइल चालू आहे."

"ढगांना कळवलंय का सर, फाइल चालू आहे म्हणून?"

हे मी बोलायला नको होतं. पण बोलून गेले. तिकडे घसा खाकरल्याचा आवाज आला.

"बुलेटिन आहे ते आहे. दोन दिवसांच्या पुढचं आपण बोलत नाही. त्यापलीकडे काही सांगितलंत तर ते तुमच्या जबाबदारीवर."

"हो सर. माझ्याच."

फोन ठेवला. नोकरी लागून मला फार वर्षं झाली नव्हती. आमच्या घराण्यात सरकारी खुर्चीवर बसलेली मी पहिली बाई. आई रोज संध्याकाळी विचारायची, "साहेब बरे बोलतात ना गं?" तिला आता काय सांगणार होते? पण त्या वस्तीचं काय, हे डोक्यातून जाईना. मी पुन्हा नकाशे मांडले, थंड पट्टा रोज किती सरकतोय ते पट्टीने बघितलं, आणि लातूरला कॉल लावला.

"साहेब, बुधवारपर्यंत संध्याकाळच्या किरकोळ सरी. गुरुवारी दुपारनंतर जोराचा. गारा, वारा, सगळं. टेकड्यांवर पडला तर ओढा भरून वाहील."



"गुरुवार पक्का?"

"पक्का."

"बाई, तुम्ही काय सांगून राहिलात ते कळतंय ना तुम्हाला? गुरुवार दुपारपर्यंत घळ सांडव्याच्या वर न्यायची म्हंजे मजूर दुप्पट लागतील. आन् नेली न्हाई तर..."

"तर तोंड मोकळं करा. दोन्हीपैकी एक. अर्धवट ठेवू नका."

"तुम्हीच या खडकवाडीला," ते म्हणाले. "जीप पाठवतो. ते थर्मामीटर का काय हाय ते घेऊन या. माझ्या डोळ्यासमोर बसा आन् रोज सकाळी सांगा. चुकलात तर तिथंच पुरतो."

रविवारी मी निघाले. कंधार, जांब करत जीप टेकड्यांत शिरली. सोबत हातात गरागरा फिरवायचा ओला-कोरडा थर्मामीटर, पत्र्याचं पावसाचं मापक आणि आईने बांधून दिलेल्या दशम्या.

बंधाऱ्यावर पोचले तर अंगाची लाही होत होती. ऊन असं, की मुरूम चपलेतून चटके देत होता. बाया डोक्यावर घमेली घेऊन रांगेने चढत होत्या. भरावावर टँकरने पाणी मारून रोलर फिरवत होते, कारण माती ओली केल्याशिवाय दबत नाही. प्यायला पाणी नाही त्या गावात मातीला पाणी पाजायचं चाललं होतं. बाया टँकरकडे ज्या नजरेने बघायच्या, ती नजर मला बघवेना.

कुलकर्णी साहेब म्हणजे उंच, काटकुळे, सतत घामाघूम. नमस्कार-चमत्कार नाही, थेट म्हणाले, "बाई, तुमच्या गुरुवारात एक घोळ झालाय. लग्न हाय."

"कुणाचं?"

"मुकादमाच्या पोरीचं. गुरुवारीच. अर्धी मजुरी त्याच्या वस्तीची. मंगळवारपासून एक माणूस कामावर येणार न्हाई. मी सांगून थकलो. तुम्ही बघा, तुमचं ऐकतील."

मुकादम किसन गायकवाड. वस्ती त्याचीच, बंधाऱ्याच्या खालची. मी त्याच्या घरी गेले. दारात मांडवाच्या बल्ल्या उभ्या राहत होत्या.

"जय भीम, मामा."

"जय भीम, ताई. या, बसा. चहा करा गं कुणीतरी, नांदेडच्या ताई आल्यात."

मी सरळ सांगितलं. गुरुवारी मोठा पाऊस आहे. घळ त्याच्या आधी भरली तर तलाव भरेल. नाही भरली आणि तशीच राहिली तर पाणी इथे येईल, या मांडवात. आणि लग्नामुळे काम थांबलं तर साहेबांना घळ फोडावी लागेल.

किसनमामांनी वर बघितलं. आभाळ स्वच्छ.

"ताई, तुमच्या बोलण्यावर माझा भरवसा हाय. आपली लेक शिकून एवढी मोठी झाली, ती खोटं कशाला बोलंल? आन् आपल्यात मुहूर्ताचं बी काही नसतं. पण व्याही भोकरचे. त्यांना काय सांगू? पाऊस येणार म्हणून पोरीचं लग्न पुढं ढकललं? दुष्काळात? माझी इज्जत काय राहील?"

तेवढ्यात आतून नवरीच बाहेर आली. सुजाता. हाताला मेंदी नाही, मातीच. सकाळपासून तीही घमेली वाहत होती.

"बाबा, ढकला पुढं," ती म्हणाली. "आत्ता टँकरमागं हांडा घेऊन मी पळते. मी सासरी गेल्यावर आईला कोण आणून देईल पाणी?"

तिची आई चुलीपुढून बोलली, "ऐका तिचं. लग्न काय, दोन दिवसांनी बी लागतंय. पाणी लागंल का?"

मामांनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. लग्न रविवारी ठरलं. पुतण्या लगेच एस.टी.ने भोकरला निघाला.

मला वाटलं, चला, जमलं. कसलं जमतंय! सोमवारी दुपारी भोकरहून व्याही स्वतः हजर. नाव नरवाडे. पांढरंशुभ्र धोतर, जाड मिशा, आणि आवाज असा की बंधाऱ्याच्या त्या टोकावरच्या बाया घमेली घेऊन थांबल्या.

"कोण हाय ती पावसाची बाई?"

मी पुढे झाले. "मी, काका. जय भीम."

"जय भीम, जय भीम. आचारी सांगितला, बँड सांगितला, गावभर आमंत्रण दिलं. आता लोकांना काय सांगू? एका बाईनं आभाळाकडं बघून लग्न थांबवलं म्हणू?"

"काका, गुरुवारी तुमचं वऱ्हाड या वस्तीत बसलेलं असतं. मांडवाखाली. पुरुष, बाया, लेकरं. वर अर्धवट बंधारा. मग काय सांगितलं असतं लोकांना?"

"आन् न्हाई पडला तर?"

"न्हाई पडला तर मी भोकरला येईन. तुमच्या दारात उभी राहीन आणि गावाला सांगेन की चूक माझी. काय बोलायचं ते बोला मग."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग घळीकडे बघितलं. मग बाजूला बसलेल्या कुलकर्णी साहेबांकडे, ज्यांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं होतं.

"ह्यांना काय झालं?"

"मजूर कमी पडून राहिले," साहेब म्हणाले. "लग्न थांबलं तरी मला दुप्पट माणूस पायजे. आणू कुठून?"

नरवाडेकाकांनी मिशीवरून हात फिरवला. "भोकरला बी दुष्काळच हाय. हाताला काम न्हाई, पोरं पारावर बसून राहिलीत. हजेरी लावता का?"

"लावतो की! रोजच्या रोज लावतो."

"मग वऱ्हाड उद्याच येतंय. फावडी घेऊन."

मला वाटलं, माणूस रागात बोलतोय. पण मंगळवारी दुपारी खरंच दोन ट्रक आले. नवरदेवाचे काका, मामा, मावशा, चुलत भाऊ, बँडवाल्यांतले दोघं, सगळे. आणि शेवटी फाळक्यावरून उडी मारून उतरला तो नवरदेव. खडकवाडीच्या बायांनी असा गिल्ला केला की काय सांगू!

"अगं बया, नवरदेव आला! ओवाळा की!"

"ओवाळायला ताट कुठाय? घमेलंच घ्या!"

एका म्हातारीने खरंच घमेल्यात चिमूटभर माती घेऊन त्याला ओवाळलं आणि ते घमेलं त्याच्याच डोक्यावर ठेवलं. सुजाता तोंडाला पदर लावून त्या टोकाला पळाली. पण रांग एकच होती, चढायची आणि उतरायची. दर खेपेला दोघं समोरासमोर यायची. दर खेपेला रांगेतून कुणीतरी खोकायचं. त्या दोन दिवसांत त्या पोरीने जेवढी माती वाहिली, तेवढी आख्ख्या वस्तीत कुणी वाहिली नसेल.

मी रोज सकाळी थर्मामीटर फिरवायचे, वारा बघायचे, साहेबांना सांगायचे. संध्याकाळी बारीकशी सर यायची, धूळ बसायची, पुन्हा काम. घळ वर येत होती. मधे काळ्या मातीचा गाभा, दोन्ही अंगांना मुरूम, पाण्याच्या बाजूला दगड. गुरुवारी सकाळी साहेबांनी सांडव्याच्या उंचीला दोरी धरली. घळ दोरीच्या वर होती.

"झालं!" ते ओरडले. "आता येऊ दे तुमचा पाऊस!"

आणि आभाळ बघितलं तर घासून पुसून ठेवलेलं. ढगाचा ठिपका नाही.

सकाळ गेली. दुपार झाली. लोक झाडाखाली भाकरी खात बसले. सगळे एकदा वर बघायचे आणि एकदा माझ्याकडे. नरवाडेकाका तर वर बघतच नव्हते, नुसते माझ्याकडे. आईचा चेहरा डोळ्यासमोर आला. मोठ्या साहेबांचा घसा खाकरल्याचा आवाज कानात घुमला. भोकरला कुणाच्या दारात, कुठे उभं राहायचं, काय बोलायचं, सगळं मनात बोलून झालं.

"बाई," कुलकर्णी साहेब हळूच म्हणाले, "ऊन पडून राहिलंय."

"पडू दे," मी म्हटलं. "जेवढं तापेल तेवढं बरं." शास्त्र म्हणून हे बरोबर होतं. पण खरं सांगते, त्या क्षणी माझा शास्त्रावरचा विश्वास उडाला होता.

मी उठून थर्मामीटर फिरवला. ओला आणि कोरडा जवळजवळ आले होते. पुन्हा फिरवला. तेच. तेवढ्यात अंगावरचा वारा एकदम थांबला. बैलांनी कान टवकारले. नैर्ऋत्येकडे टेकडीमागून एक ढग वर येत होता, फुलकोबीच्या गड्ड्यासारखा, आणि बघता बघता त्याचा माथा पसरून सपाट झाला. माथा असा सपाट झाला की समजायचं, ढग आभाळाच्या छताला टेकला. यात गारा असतात.

"मामा!" मी किंचाळलेच. "लेकरं, म्हाताऱ्या, सगळे शाळेच्या टेकाडावर! वस्तीत कुणी थांबू नका!"

घळ भरली असली तरी नव्या भरावाची परीक्षा म्हणजे परीक्षाच. वस्ती रिकामी होते न होते तोच वारा सुटला. मांडवाच्या दोन बल्ल्या उपटून ओढ्यात गेल्या. मग पत्र्यावर खडे टाकावेत तशा गारा. मग पाऊस. पाऊस कसला, आभाळाने तोंडच सोडलं. समोरचा बंधारा दिसेना.

शाळेच्या व्हरांड्यात आम्ही सगळे दाटीवाटीने उभे. साहेबांनी माझं मनगट धरलं होतं आणि ते त्यांना माहीतही नव्हतं. बऱ्याच वेळाने पाऊस जरा उतरला आणि टेकडीकडून एक घरघर ऐकू आली. ओढा येत होता. लाल, फेसाळलेला, झुडपं घेऊन. बंधाऱ्याला येऊन धडकला. माझे डोळे मिटले.

उघडले तेव्हा बंधारा जागेवर होता. पाणी त्याला टेकून वर चढत होतं. चढता चढता सांडव्यापाशी पोचलं, तिथे घोटाळलं, आणि दगडांवरून पांढरं होऊन पडायला लागलं. शहाण्यासारखं.

"चालला!" कुलकर्णी साहेब ओरडले. "सांडवा चालला रे!" आणि चिखलात धावत सुटले. मागून आख्खं गाव, आख्खं वऱ्हाड. साहेब बंधाऱ्यावर उभे राहून दोन्ही हात वर करून नाचत होते. मग बसले आणि लहान लेकरासारखे रडले. किसनमामांनी वाकून ओंजळभर लाल पाणी घेतलं आणि डोळ्यांना लावलं. सुजाताची आई घरात धावली आणि सगळे हांडे घेऊन आली. ते पाणी प्यायच्या लायकीचं नव्हतं हे तिलाही ठाऊक होतं. पण तिला ते भरायचंच होतं.

नरवाडेकाका माझ्यापुढे आले. पांढरं धोतर चिखलाने भरलेलं.

"बाई, तुम्ही भोकरला यायचंच. दारात न्हाई, घरात."

मी पण मग रडले. लाज कसली?

पाऊस शनिवार सकाळपर्यंत अधूनमधून पडत राहिला. मी सांगितल्यापासून त्या तालुक्यांच्या आकड्यांची तार आता लातूरला जाऊ लागली होती. मी जळकोटहून मोठ्या साहेबांना फोन लावला.

"सर, बालाघाटवर बऱ्याच ठिकाणी जोरदार. गारांसह."

"हं. दिसतंय." मग जरा थांबून, "वाघमारे, आजचं बुलेटिन काढायचंय. पुढे काय म्हणता?"

आता मी हवेतच होते. "रविवार कोरडा, सर. लख्ख ऊन. डोळे झाकून लिहा."

त्यांनी लिहिलं. रेडिओवरही आलं.

रविवारी लग्न लागलं. बंधाऱ्यापाशीच, मोकळ्या जागेत. मी सांगितलं होतं ना, ऊन पडणार, म्हणून मांडव पुन्हा घातलाच नव्हता. त्रिसरण, पंचशील झालं, फुलं पडली, साहेबांनी दोघांच्या हातात नारळ दिला. पंगत बसली. पहिला घास तोंडात जातो न जातो तोच सर आली. चांगली भरभक्कम सर. माझ्या पानातल्या वरणात थेंब टपटपायला लागले आणि मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

पंगतीतलं एकही माणूस उठलं नाही. कुणी पानावर हातसुद्धा धरला नाही. दोन सालांनी असा पाऊस अंगावर घेत होते, उठतील कशाला? नरवाडेकाका समोरच बसले होते. भिजलेला भात कालवत त्यांनी मान वर केली.

"ओ पावसाच्या बाई, आज कोरडा म्हणाला होतात."

"चुकलं, काका."

"चुकत जा की मग," ते म्हणाले, आणि वाढप्याला हाक मारली, "बाईंच्या पानात बुंदी वाढ रे. दोन डाव वाढ."

पुढे सगळी नोकरी मी अंदाजच सांगितले. बरेच बरोबर आले, थोडे चुकले. शिकले ते एवढंच. नकाशावर रिकामी जागा दिसली की आधी तिथे फोन लावावा. आणि अंदाज बरोबर आला त्या दिवशी पुढचा अंदाज सांगू नये.